माळ्यावरची सांबरशिंगं आणि बटणांचा बेत

प्रश्न : वाळपईजवळच्या आमच्या जुन्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर एक गोणपाट सापडलं. आत सांबरशिंगाचे तुकडे आहेत. काही नुसती टोकं, काही जाड बुंधे, काही कापलेल्या चकत्या. माझे आजेसासरे हौसेनं सुऱ्यांना मुठी बसवायचे, त्यातलंच हे उरलेलं. तशा मुठीच्या दोन सुऱ्याही घरात आहेत. मी आणि माझी जाऊ करवंटीचे दागिने करून विकतो. या तुकड्यांची बटणं, लोलक, कपाटाच्या खुंट्या करून हणजुणेच्या बाजारात ठेवाव्यात असं मनात आहे. यूट्यूबवर पाहिलं, सोपं वाटतं. चुलत सासरे म्हणतात, ही रानात गळून पडलेली शिंगं, कुणी जनावर मारलेलं नाही, हरकत कसली? सासूबाईंना एक तुकडा सहाणेवर उगाळायला हवा आहे. कापायचं कसं, चकाकी कशी आणायची, आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून काय करायचं?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : ताई, करवत लावण्याआधी पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या गोणपाटातल्या एकाही तुकड्याला हात लावू नका. कापू नका, घासू नका, फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकू नका आणि बाजारात तर अजिबात नेऊ नका. कारण कायद्याचं आहे आणि ते तुमच्या चुलत सासऱ्यांनाही नीट सांगावं लागेल. बटणांचं काय ते पुढे सांगतेच. तुमचा बेत मोडायचा नाहीये, त्यातला फक्त माल बदलायचा आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात रानटी जनावराच्या शरीराचे जे भाग गणले आहेत त्यांत हाड, शिंग, दात, नख यांच्याबरोबर हरणाचं शिंगही येतं. सांबर, चितळ, भेकर ही आपल्या रानातली तिन्ही हरणं संरक्षित आहेत. शिंग जनावर मारून काढलं की रानात पडलेलं उचललं, असा फरक हा कायदा करत नाही. मालकी सरकारची. कलम ३९ प्रमाणे अशी वस्तू ज्याच्या ताब्यात येते त्यानं ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं. लेखी परवानगीशिवाय ती ठेवणं, कुणाला देणं, तिची मोडतोड करणं किंवा ती नष्ट करणं हा गुन्हा. म्हणजे घाबरून माडाच्या आळ्यात पुरून टाकली किंवा म्हादईत सोडून दिली, तर एका चुकीवर दुसरी चढते. शिक्षा जनावर कुठल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या कुठल्या यादीत, आहे त्यावर ठरते. पहिल्या अनुसूचीतलं असेल तर किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर दंड वेगळा. एवढी जोखीम दोन-चारशे रुपयांच्या लोलकासाठी कुणी घ्यावी?

चुलत सासऱ्यांचं म्हणणं खरं असूही शकतं. नराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात, हे रानात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. हात न लावता बुंध्याचा एखादा तुकडा नुसता निरखून पाहा. खाली खडबडीत कड्यासारखी कडा दिसेल. त्या कड्याखाली तळ किंचित फुगीर आणि दाणेदार असेल तर शिंग आपोआप गळलेलं. कड्याखाली कवटीचं हाड चिकटलेलं असेल तर मात्र ते मेलेल्या किंवा मारलेल्या जनावराचं. वनखात्याचा माणूस आला की पहिल्यांदा तेच बघेल, म्हणून सांगून ठेवलं. पण गळलेलं निघालं तरी आपल्या हक्काचं होत नाही. आणि रानात पडलेलं शिंग वाया जातं असंही नाही. साळिंदर आणि उंदीर ते कुरतडून खातात, हरणंसुद्धा चघळतात. चुन्यासाठी आणि फॉस्फरससाठी त्यांना ते लागतं. रानात जुनं शिंग सापडलं तर त्यावर दातांच्या खाचा बहुतेक दिसतातच.

आता करायचं काय? आधी घरातल्या जुन्या ट्रंका धुंडाळा. आजेसासऱ्यांच्या नावे मालकीचं प्रमाणपत्र किंवा जाहीर केल्याची पावती सापडते का बघा. २००३ साली केंद्र सरकारनं अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा पुष्कळ घरांतून भिंतीवरची शिंगं, कातडी नोंदवली गेली. कागद असेल तर वस्तू वारसानं घरात राहू शकते, मात्र विकता तरीही येत नाही. वारसाहक्काची वेगळी तरतूद कलम ४० मध्ये आहे, ती वकिलाकडून समजून घ्या. कागद नसेल, आणि बहुतेक घरांत नसतोच, तर वकिलाशी तासभर बोलून मग वाळपईच्या वनखात्याच्या कार्यालयात अर्ज द्या. ४८ तास केव्हाच उलटले असतील. म्हणून जायचंच नाही असं नव्हे. आपणहून, लेखी आणि लवकर गेलेल्याची बाजू वेगळी असते. वकील आधी का, तर अर्जातली भाषा नेमकी हवी. ‘छप्पर उतरवताना अमुक दिवशी सापडलं, कोणी आणलं याची माहिती नाही’ किंवा जे काही खरं असेल तेच, ना कमी ना जास्त. आजोबा शिकारीला जायचे असा घरातला रंगवलेला किस्सा अर्जात घालायचं काही कारण नाही. आणि विचारलं तर खोटंही बोलायचं नाही.

अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. गोणपाट पिशवीत घालून स्कूटरवरून नेऊ नका. वाटेत कुणी अडवलं तर समजावत बसावं लागेल. अधिकाऱ्यांनाच घरी बोलवा, पंचनामा होऊ द्या, तुकड्यांची संख्या आणि वजन त्यात लिहिलं गेलंय का ते बघा आणि एक प्रत मागून घ्या. पंचायतीतलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर घरातल्यांनाही धीर येतो.

सुऱ्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला त्याच जास्त अडचणीच्या वाटतात. मूठ सांबरशिंगाची म्हणजे सुरीही त्याच कायद्याखाली आली. ‘त्या तर घरातल्याच, रोजच्या वापरातल्या’ म्हणून मागे ठेवू नका. मूठ काढून पातं ठेवायचा मोहही टाळा, कारण मूठ काढणं हीच मोडतोड. अर्जात सुऱ्यांचा उल्लेख करा आणि पातं कुटुंबाकडे राहू द्यावं अशी विनंती खाली एका ओळीत लिहा. मिळेलच असं नाही, मागायला हरकत नाही. आजेसासऱ्यांची कानस, व्हाइस, पितळी रिवेटांचा डबा, ड्रिल यांवर मात्र कुणाचा दावा नाही. ते जपून ठेवा, कारण पुढच्या सगळ्या कामाला तेच लागणार आहेत.

सासूबाईंचं. आपल्याकडे मुका मार लागला, पाय मुरगळला की सांबरशिंग उगाळून लेप द्यायची जुनी रीत आहे. घरोघरी सहाणेजवळ एक झिजलेला तुकडा असायचाच. त्यांना वाईट वाटेल हे समजतं. पण उगाळणं म्हणजे तीच वस्तू थोडीथोडी संपवणं, त्यामुळे तो तुकडाही गोणपाटातच राहू दे. मुरगळलेल्या पायाला बर्फ, घट्ट पट्टी आणि आराम द्या. सूज उतरलीच नाही तर एक्स-रे काढा.

यूट्यूबवरचे जे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत ते बहुतेक स्कॉटलंड किंवा अमेरिकेतले असणार. तिकडे ही कला राजरोस चालते. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचं गाव आहे. त्याच्या चौकाच्या चारही कोपऱ्यांवर एल्क हरणाच्या शिंगांच्या कमानी उभ्या आहेत. शेजारच्या राखीव क्षेत्रात गळलेली शिंगं स्काउटची मुलं गोळा करतात आणि मे महिन्यात त्यांचा जाहीर लिलाव होतो. तिथंही त्या राज्याच्या बऱ्याच भागात हिवाळ्यात सरकारी जमिनीवर शिंगं वेचायला बंदी असते, भुकेल्या जनावरांना माणसांनी पळवू नये म्हणून. एकेकाळी इंग्लंडमधले सुऱ्या बनवणारे भारतातल्या सांबरशिंगावर जीव टाकत, कारण ते भरीव असतं आणि आतला भुसभुशीत गाभा कमी. विसाव्या शतकाच्या शेवटी आपल्याकडून ती निर्यात बंद झाली. तिकडचे कारागीर बैलाचं हाड कोरून, रंगवूनही तशी मूठ बनवतात आणि ती इतकी हुबेहूब होते की गिऱ्हाईक फसतं.

तोच रस्ता तुमचा. सांबरशिंग मुळात हाडच. त्यामुळे घासल्यावर येणारी हस्तिदंती झाक पाळीव म्हशीच्या जाड नळीच्या हाडातूनही मिळते. हाड घेताना बिल घ्या. पांढरं करण्यापूर्वी त्यातली चरबी काढायची असते आणि सगळी गोम तिथेच आहे. लोक हाड खळखळून उकळतात. त्यानं चरबी आत मुरते आणि सहा महिन्यांनी बटणावर पिवळे तेलकट डाग उमटतात. उकळू नका. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला, आणि पाण्यावर तेलाचा तवंग येणं थांबेपर्यंत हेच करत राहा. आठवडे जातात, जाऊ द्या. मग पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून पांढरं करा. धुण्याचं ब्लीच कधीच वापरू नका, त्यानं हाड खडूसारखं ठिसूळ होतं. शिंगाचा तपकिरी रंग हवा असेल तर कडक काळ्या चहाच्या गार पाण्यात एक रात्र. कडा जास्त रंग पितात, मधला भाग कमी, आणि नेमकं तेच हवं असतं.

कापायला सोनाराची बारीक करवत. हॅकसॉनं कडा फुटतात. हाडाची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून एन-९५ मास्क लावा आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच चालवा. २२० नंबरपासून सुरू करा, मग ४००, मग ८००. मधला नंबर गाळलात तर शेवटी उन्हात तिरकं धरल्यावर चरे दिसतात आणि मग सगळं पहिल्यापासून. स्वयंपाकघरात करू नका, पोरं झोपतात त्या खोलीत तर मुळीच नको. मागच्या पडवीत, वारा पाठीकडून येईल असं बसून. बटण तीन मिलिमीटरपेक्षा पातळ नको. भोकं पाडताना खाली लाकडाचा ठोकळा घट्ट धरा, ड्रिल हळू फिरवा आणि अर्धं भोक एका बाजूनं, अर्धं दुसऱ्या बाजूनं पाडा, म्हणजे मागची कपची उडत नाही. भोकांच्या कडा बारीक कानशीनं मऊ केल्या नाहीत तर महिन्याभरात दोरा तुटतो आणि गिऱ्हाईक बटणाला नावं ठेवतं.

म्हशीचं शिंगही चालेल, पण त्याचा स्वभाव अगदी निराळा. ते आपल्या नखाच्या जातीचं. तापवलं की मऊ होतं आणि दोन पाट्यांमध्ये दाबून सपाट करता येतं. टोक भरीव असतं, ते लोलकाला आणि खुंट्यांना उत्तम. घासताना केस जळल्यासारखा वास येतो, नाक मुरडू नका. उत्तर प्रदेशातल्या संभलला आणि ओडिशातल्या परळाखेमुंडीला यावरच पिढ्यान्‌पिढ्या काम चालत आलंय. फक्त घेताना एक बघा. म्हशीचं शिंग काळपट, आडवं कापलं तर तिकोनी, आणि वर आडव्या वळ्या असलेलं असतं. कुणी फिकट पिवळसर-हिरवट, गोलसर आणि टोकाला काळं शिंग दाखवलं तर ते गव्याचं असू शकतं. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, पहिल्या अनुसूचीतला. तिथून उठून चालू लागा.

आणि खरं सांगू का, तुमच्या जागी मी असते तर हाडाच्याही आधी सुपारीकडे वळले असते. सत्तरीत कुळागरं, म्हणजे माड-सुपारीच्या बागा, काय कमी आहेत? पक्की वाळलेली सुपारी आडवी कापा, आत पांढऱ्या-तपकिरी रेषांची जी नक्षी निघते ती सांबरशिंगात कुठून येणार? मध्य प्रदेशातल्या रीवा शहरात सुपारीच्या मूर्ती आणि खेळणी कातणारे कारागीर आहेत. म्हणजे हा माल कातायला टिकतो हे सिद्धच आहे. कापलेली चकती आठवडाभर सावलीत वाळू द्या, तडा जाणारी तेवढ्यात तडकते. मग पॉलिश करा. धुवायच्या कपड्यावर सुपारीचं बटण लावू नका, रंग सुटतो. कानातल्यांना, लोलकांना, अंगठीच्या खड्याला झकास. भेरली माडाच्या बियाही अशाच कडक आणि आतून रेषा-रेषांच्या. फक्त फळाचा गर अंगाला भयंकर खाजतो, हातमोजे घालूनच सोला.

सुऱ्यांच्या मुठीचं वेड घराण्यात आहेच, तर वादळात उन्मळून पडलेल्या जुन्या माडाच्या बुंध्याकडचा बाहेरचा भाग सुतारापाशी मागा. काळपट, कडक आणि आत बारीक ठिपक्यांच्या रेषा. त्याची मूठ हातात बसली की सांबरशिंगाची आठवण राहत नाही. मधला भाग घेऊ नका, तो मऊ. कपाटाच्या खुंट्या मात्र लाकडाच्याच करा आणि वर तुमची करवंटी बसवा. गोल कातून घ्यायच्या असतील तर कुंकळ्ळीच्या चितारींकडे चौकशी करा, लाकूड कातून लाखेचा रंग चढवण्यात त्यांचा हात बसलेला आहे.

पावसाळा. जूनपासून आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते, मग हाड-शिंग काय टिकणार? शिंगाच्या पातळ पट्ट्या दमट हवेत वाकतात, म्हणून पट्टी जाड ठेवा आणि दागिन्याला मागून आधार द्या. पॉलिश झाल्यावर मधमाशीचं मेण किंचित गरम करून चोळा, सुती फडक्यानं पुसा. तेल नको, धूळ धरतं आणि वास मारतं. तयार माल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. शिंगाला किडा लागतो. डब्याच्या तळाशी बारीक भुसा दिसला की तो नग लगेच बाजूला काढा.

विकताना नगाच्या मागे स्पष्ट लिहा : ‘पाळीव म्हशीचं हाड’, ‘सुपारी’, ‘करवंटी’. ‘स्टॅग’, ‘डीअर’ असले शब्द गमतीनंही नकोत, ‘तसा दिसणारा’ म्हणूनही नकोत. हणजुणेला बुधवारी येणारं गिऱ्हाईक बरंचसं परदेशी. दाबोळीहून जावो की मोपाहून, त्यांच्या देशातल्या विमानतळावर जनावराच्या वस्तूंची चौकशी होते. म्हणून परदेशी माणसाला सुपारी आणि करवंटीच दाखवा, हाडाचा माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासाठी ठेवा. तिथं बायका ब्लाउजला लावायला बटणं शोधत असतात, सहाच्या संचात घेतात आणि घासाघीस करतात. त्यामुळे भाव सुटा सांगू नका, संचाचाच सांगा.